चूक क्रमांक सदतीस

चूक क्रमांक सदतीस. कॉम्प्युटरच्या पडद्यावर सहाव्यांदा तेच उमटलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, कारणासाठी पुस्तकातलं पान २१४ पाहा.

वादिराजने मान वळवली. पुस्तक चार हातांवर होतं. नवरात्राच्या कोलूत, बाहुल्यांच्या पायऱ्यांसमोर, पुस्तकांच्या चळतीत अगदी तळाशी. घरातलं सर्वांत जाड पुस्तक तेच, म्हणून आईने पाया त्याचाच घातला होता. वर पोथ्या, पोथ्यांवर गंध, गंधावर फुलं.

"हात लावू नको," अंबुजाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्या प्रसादाच्या सुंडलला, म्हणजे उकडलेल्या हरभऱ्यांना, फोडणी देत होत्या आणि त्यांची पाठ इकडे होती.

सरस्वतीपूजेला तंजावरात कोणी वाचत नाही, आणि यंत्रंही कुंकू लावून बंद ठेवतात. पुस्तक देवीसमोर गेलं की विजयादशमीच्या सकाळीच बाहेर येतं. शाळेत असताना वादिराजचा हा वर्षातला सर्वांत लाडका दिवस होता. आज त्याला रडू यायचं बाकी होतं.

गोष्ट नंदिताची होती. मागच्या वैशाखात एका लग्नात तिने त्याला विचारलं होतं, तुम्ही घरी बसून करता काय? तो अर्धा तास सांगत राहिला. घरातला कॉम्प्युटर फोनच्या तारेला जोडायचा, तो सदा चालू ठेवायचा, मग दुसऱ्या गावच्या कॉम्प्युटरवरून कोणीही फोन लावावा आणि पापनाशमच्या भाताचे भाव वाचावेत, तिरुवैयारुच्या गाण्याचा कार्यक्रम बघावा. अर्धा तास ती उठून गेली नाही. अशी मुलगी पुन्हा मिळणार नाही हे त्याला तिथेच कळलं.

तिच्या वडिलांना मात्र पटेना. वेंकटराव मद्रासला मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांचा निरोप आला, "मला सुट्टी आहे त्या दिवशी दहाला माझ्या कॉम्प्युटरवरून फोन लावतो. तुमच्या सर्व्हरने उचलला तर मुलगी तुमची." सुट्टी कसली आहे ते त्यांनी पाहिलं नव्हतं. होणाऱ्या सासऱ्याला हे सांगायचं धाडस वादिराजलाही झालं नाही. आईच्या मात्र तो हातापाया पडला. मुलाचं लग्न म्हणून त्यांनी मशीनला दहापर्यंत सूट दिली. दहानंतर कुंकू, आणि उद्यापर्यंत बंद. पुस्तकाला सूट नव्हती.

त्याने बाराच्या बारा फ्लॉप्या पुन्हा घालून सगळं नव्याने बसवलं. सदतीस. समोरच्या घरातले तुळजारामकाका आले. ते जन्मभर रेडिओ दुरुस्त करत आले होते, त्यामुळे त्यांना सगळं येत होतं. त्यांनी मशीनच्या पाठीवर दोन थापा मारल्या. मग म्हणाले, दक्षिणेला तोंड करून कोणी बसवतं का? दोघांनी मिळून टेबल पूर्वेला फिरवलं. आता सदतीस पूर्वेकडे तोंड करून आली.

"आई, मी हात लावत नाही. काका धरतील, मी नुसता बघतो."

"बघणं म्हणजे वाचणंच रे."

"एकच पान आहे."

"सरस्वती पानं मोजत बसत नाही," अंबुजाबाई म्हणाल्या, आणि आरतीला उभ्या राहिल्या.

वादिराजही हात जोडून उभा राहिला. लक्ष सगळं घड्याळात. आरती संपली तेव्हा दहाला पाच मिनिटं होती. अंबुजाबाईंनी प्रसाद वाटला, कोपऱ्यात गेल्या आणि फोनवर घातलेला खण उचलला. खणाखाली रिसीव्हर काढून बाजूला ठेवलेला होता.

"हे काय?" वादिराज म्हणाला.

"पूजेत मेली त्याची घंटा नको. पहाटेच काढून ठेवला." त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला.

वादिराजने मशीन पुन्हा सुरू केलं. पडदा काळा झाला, मग हिरवा, आणि मग ती ओळ आली. सर्व्हर तयार आहे. फोनची वाट पाहत आहे. पहाटेपासून मशीन फोनची तार शोधत होतं आणि तार आईने अडवून धरली होती. आता तिसऱ्या घंटेला ते आपणहून फोन उचलणार होतं. त्याला इतका आनंद झाला की त्याने तुळजारामांच्या हातातलंच सुंडल खाल्लं.

फोन वाजला. अंबुजाबाई पहिली घंटा कधी पुरी होऊ देत नसत. त्यांनी उचलला.

तिकडे वेंकटराव नव्हते. त्यांच्या बायकोचा, वसुमतीबाईंचा आवाज होता आणि तो खोलीभर ऐकू येत होता.

"अंबुजाबाई, हे सकाळपासून मशीन सोडा म्हणून मागे लागलेत. मी त्याला कुंकू लावून वर झाकण घातलंय. आज कसलं यंत्र? यांना मी सांगून टाकलंय, ज्या घरात आजच्या दिवशी यंत्र चालतं त्या घरात माझी नंदिता द्यायची नाही. तुमच्याकडचं बंद आहे ना?"

अंबुजाबाई पूजेच्या दिवशी खोटं बोलत नसत. त्यांनी मशीनकडे पाहिलं. हिरवी ओळ ऐटीत लुकलुकत होती. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं.

पहाटे चारपासून जे सुरू व्हावं म्हणून वादिराजने देव पाण्यात घातले होते, त्याची वायर त्याने स्वतःच्या हाताने भिंतीतून उपटली.

"बंद आहे, वसुमतीबाई," अंबुजाबाई शांतपणे म्हणाल्या. "आत्ताच माझ्या डोळ्यांनी बघितलं."