जागेवरून उठायचं नाही

कट्!

स्वयंपाकघरात अडकित्त्यानं सुपारी फोडली आणि दीक्षाचं कीबोर्डवरचं बोट थांबलं.

"आत्या, आता ते बंद करा बरं. मायक्रोफोनला सगळं ऐकू जातं."

"सुपारीबी बंद?" सासूबाई, शालनबाई, दारात येऊन उभ्या राहिल्या. "बरं. श्वास तर घिऊ का न्हाय?"

दीक्षाला हसू आलं नाही. पाऊण वाजला होता. एक वाजता परीक्षा. सर्व्हर सांभाळणाऱ्यांची, घरी बसून द्यायची. कुठल्यातरी शहरातला परीक्षक कॅमेऱ्यातून बघत राहणार. खोलीत दुसरं माणूस दिसलं की परीक्षा रद्द. मागच्या वेळी तिसऱ्याच प्रश्नाला शालनबाई चहा घेऊन आत आल्या होत्या. "एकटीच काय पुटपुटतीस गं?" एवढंच म्हणाल्या, आणि स्क्रीन काळी झाली.

ही दुसरी खेप, आणि शेवटची. दवाखान्याच्या सर्व्हर रूममध्ये दीक्षा तीन वर्षं हंगामी होती. मशीन बंद पडलं की हाक तिलाच. पण प्रमाणपत्र नव्हतं. महिनाअखेर ते दिलं तर कायम, नाही तर पुण्याहून दुसरा माणूस येणार होता. नवरा, रत्नदीप, कामाला होता तो कारखाना दिवाळीपासून बंद. तो रोज सकाळी मोहोळला काम शोधायला जायचा आणि संध्याकाळी काही न बोलता बूट काढायचा. घरात नोकरी अशी तिचीच उरली होती.

तीन महिने ती प्रतिक्षाच्या झोपेत अभ्यास करत आली होती. चार वर्षांची पोर मांडीवर, एक हात तिच्या पाठीवर, दुसऱ्या हातानं कमांड. पाठीवरचा हात थांबला की पोर जागी व्हायची. म्हणून तिला एका हातानं टाइप करायची सवयच लागली होती.

"मदी उठायचंच न्हाय म्हन की?" शालनबाईंनी विचारलं.

"अडीच तास. उठलं की संपलं."

"आन् मुतायला?"

"नाही."

"येडीच हायेत की मानसं." त्यांनी पदरानं मान पुसली. सकाळपासून त्या घामच पुसत होत्या, भाकरीही अर्धी ठेवून उठल्या होत्या. पण पत्र्याचं छप्पर, त्यात एप्रिल. घाम कुणाला येत नव्हता?

"आत्या, ऐका. घर पेटलं तरी मला हाक मारायची नाही. तुमी नाही, प्रतिक्षानं नाही. कायबी होऊ दे."

"एक डाव चुकलं तर जल्मभर आयकायचं व्हय?"

"चुकलं..." दीक्षानं पुढचं गिळलं.

"बोल की. मुद्दाम केलं, असंच हाय न्हवं तुज्या मनात?"

दीक्षा खिडकीकडे वळली. मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट अडवायला तिनं खिडकीवर जाड चादर ठोकली होती, तिचा निसटलेला कोपरा खिळ्यात अडकवला. मग दार लावून घेतलं.

पहिला तास बरा गेला. डिस्क जोडली, नवे वापरकर्ते तयार केले, कुणाला कुठली फाइल उघडता येईल ते ठरवलं. अट एकच: मशीन बंद करून पुन्हा चालू केलं तरी केलेलं सगळं टिकलं पाहिजे. टिकलं नाही तर गुण शून्य.

तीनला दहा कमी असताना दुसऱ्या सर्व्हरशी संपर्क होईना. ती कारण शोधत होती, तेवढ्यात पलीकडे धप्प झालं. स्टीलचं काहीतरी घरंगळत भिंतीला आपटलं. लगेच प्रतिक्षाचा आवाज आला, "आऽ—" आणि मधेच तुटला, कुणी तोंडावर हात ठेवावा तसा.

स्क्रीनवर ओळ उमटली. खोलीत आवाज येत आहे. ही पहिली आणि शेवटची सूचना.

 केलंच. आजही केलंच. सुनेचं बरं झालेलं बघवतच नाही या बाईला. तिनं दाराकडे मान वळवली नाही. मान वळवणंही नियमात बसत नव्हतं. आज रत्नदीप आला की सांगायचं, वेगळं राहू. एका खोलीत राहू, पण वेगळं.

पलीकडे पुन्हा काही वाजलं नाही. कुजबुज नाही, पावलं नाहीत. तिनं पुन्हा टाइप करायला घेतलं. सर्व्हरच्या पत्त्यातल्या एका आकड्याची चूक सापडली. सुधारली. सर्व्हर बोलू लागला. तिनं दोन्ही मशीन बंद करून पुन्हा चालू केली. सगळं टिकलं होतं.

साडेतीनला निकाल आला. उत्तीर्ण.

ती रडली नाही. खुर्ची मागे सारली, लॅपटॉप बंद केला, आणि चाळीस मिनिटं मनात घोळवलेलं वाक्य ओठांवर घेऊन दार उघडलं.

शालनबाई फरशीवर कुशीला होत्या, तोंड भिंतीकडे. प्रतिक्षा त्यांच्या पाठीला चिकटून बसली होती.

"झालं समाधान? आता खुशाल झोपा," दीक्षा म्हणाली.

प्रतिक्षानं घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं. "शूऽ. संपली परीक्षा?"

"संपली."

"मी रडणार होते. आजीनं तोंड दाबलं. म्हणाली, आईला हाक मारायची न्हाय. तिची परीक्षा हाय, तिला पास होऊ दे. ती आली की मी उठते." पोरीनं आजीचा खांदा हलवला आणि आईकडे बघितलं. "तू आलीस की. मग आजी का उठंना?"