दुपारीच रिकामी झालेली गाडी

नव्या ड्रायव्हरने व्हॅन डेपोच्या फाटकाकडे वळवली, तेवढ्यात मामा हातातला चहा सांडत आडवे आले.

"कुठे निघालास?"

"आत. संपली सगळी पार्सलं," नवा खिडकीतून म्हणाला. नोकरीचा पहिला दिवस, आणि इतरांची जेवणंसुद्धा अजून जिरली नव्हती. स्वारी भलतीच खूश होती.

मामांनी कपाळावर हात मारला. डेपोतले सगळ्यात जुने ड्रायव्हर ते. फाटकाबाहेरच्या टपरीवर बसलेली अक्का, तीही ड्रायव्हरच, धावत आली. "गाडी बाजूला घे आधी! आत जाऊन हातातलं स्कॅनिंगचं मशीन जोडलंस, की सगळा माल संपल्याचं वरच्या ऑफिसला कळलंच म्हणून समज."

"कळू दे की. चोरी केलीय का?"

त्याचंही खरं होतं. कालपर्यंत तो ॲपवर काम करायचा. स्कूटर स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, जेवढी पार्सलं तेवढे पैसे. दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढायचा आणि दार उघडेपर्यंत पुढचा पत्ता बघून ठेवायचा. आजही तो तसाच पळाला होता. जेवला तोही सिग्नलला.

"लवकर काम केलं तर शाबासकी द्यायची सोडून तुम्ही..."

"मिळेल ना शाबासकी," मामा म्हणाले. "उद्या तुझ्या गाडीत दीडपट माल, परवा आमच्या. माझे गुडघे तिसऱ्या मजल्याचं नाव काढलं तरी कुरकुरतात, बाबा. आणि एकदा वाढलेला माल पुन्हा कमी झालेला मी तरी पाहिला नाही."

"मग तिकडेच बरं होतं! काम संपलं की घर. डोक्यावर कुणी नाही."

"आणि आजारी पडलास की?" अक्काने विचारलं.

अंगात ताप असताना वाटलेली पार्सलं नव्याला आठवली. मग त्याचं लक्ष मामांच्या गुडघ्यांकडे गेलं आणि तो चांगलाच ओशाळला. त्याने निमूटपणे व्हॅन भिंतीलगत लावली.

"आता काय करू?"

"बस."

"नुसताच?"

"नुसताच. पाचपर्यंत पगार चालू आहे."

अक्काने त्याच्या हातात चहा दिला. त्याने दोन घोटांत ग्लास रिकामा केला आणि उठून उभा राहिला.

"अरे, चहा आहे तो, काढा नव्हे!" अक्का हसून हसून लाल झाली. मामांनी त्याला खांदा धरून खाली बसवलं. तरी त्याचा एक पाय आपला हलतच होता.

तेवढ्यात फाटकातून साहेब बाहेर आले. डेपोचे सुपरवायझर. पूर्वी ते मामांच्याच जोडीला गाडी चालवायचे, पण खुर्ची मिळाल्यापासून त्यांचा काही भरवसा वाटत नसे. मामांनी कधी नव्हे ती चपळाई दाखवली. बॉनेट उघडून डोकं आत खुपसलं.

"काय झालं?"

"गाडी तापलीय, साहेब. थोडी थंड झाली की निघतोच आहे हा पुढच्या वाटपाला."

"हं," साहेब म्हणाले आणि गाडीच्या मागच्या बाजूला गेले. नव्याचा हलणारा पाय थांबला. मामा बॉनेटमधून डोकं बाहेर काढायला तयार नव्हते.

साहेबांनी दार उघडलं. आत एकही खोकं नव्हतं. फळ्या झाडून पुसून ठेवल्यासारख्या मोकळ्या. साहेब बराच वेळ त्या फळ्यांकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी आवाज न करता दार लावलं.

"अजून पुष्कळ माल राहिलाय की रे," ते नव्याला म्हणाले. "सावकाश होऊ दे. पाचच्या आत फाटकात दिसलास, तर माझ्याशी गाठ आहे."