पैदाशीसाठी अयोग्य

पोलिसांच्या आणि शोधपथकांच्या कामासाठी जर्मन शेफर्ड वाढवणाऱ्या आमच्या मंडळाचे नियम मीच लिहिले आहेत. तेही पुस्तकांतून, कारण नव्या कुत्र्याला नुसतं 'ये' म्हणायचं तरी मला धीर गोळा करावा लागतो.

काल माझ्याच कुत्रीची, वाघीणची, परीक्षा होती. तिची पिल्लं घरात खेळावीत ही माझी तीन वर्षांची आस. बायकोने ठरल्याप्रमाणे तिच्या पाठीमागे स्टीलचं ताट आपटलं. वाघीण थेट टेबलाखाली गेली. ताट पडणार हे ठाऊक असूनही माझ्या हातातलं पेन उडालं.

आपल्या कुत्रीला वेगळा न्याय कसा लावायचा? पेन शोधून, मन घट्ट करून मी शेरा लिहिला : 'मोठ्या आवाजाला दचकते. अनोळखी माणूस दिसला की कोपरा धरते. हा भित्रेपणा पुढच्या पिढीत उतरू नये. पैदाशीसाठी अयोग्य.'

बायकोने चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाली,



"बरं झालं बाई, आमच्या बाबांना हे नियम ठाऊक नव्हते. नाहीतर आपली तिन्ही मुलं जन्मालाच आली नसती!"