आंघोळीची टोपी

“खोलीत सिगरेटचा वास आला, सर. दंड भरावा लागेल,” हॉटेलच्या काउंटरवरची मुलगी अवघडून म्हणाली.

मी ऐटीत कार्ड पुढे केलं. “ओढली, भरला. फिटंफाट!”

“छतावरच्या अलार्मची टोपी काढलीस ना?” बायकोनं हळूच विचारलं.

धुरानं अलार्म वाजू नये म्हणून मीच त्याला बाथरूममधली आंघोळीची टोपी बसवली होती. ती अजून तिथंच होती. आणि झाडून तयार झालेल्या त्याच खोलीची किल्ली घेऊन, तान्हं बाळ सांभाळत एक जोडपं लिफ्टकडे निघालं होतं.

हे सांगितलं तर नुसत्या दंडावर भागणार नव्हतं.

“अजून काही, सर?” मुलीनं पावती दिली.

“नाही,” मी म्हणालो.

बायको बॅग तिथंच टाकून लिफ्टकडे धावत सुटली.