वाकणारी पट्टी

ही गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हाही घरी हिचा कॉम्प्युटर आकडेमोड करतच होता. केसाहून बारीक दोन पट्ट्यांना वीज दिली की वरची खालच्या पट्टीकडे किती ओढली जाईल, हे काढणं हिचं काम.

माझे डोळे कोरडे व्हायच्या आत हिचे साहेब ऑफिसचं ते मशीन न्यायला हजर.

"मॅडमचं चुकलंय. वीज शून्य, तरी पट्टी वाकतेय."

"आजारपणातही राबवलंत तिला, आता वर चुका काढता?" मी ओरडलो.

त्यांनी चिडून पडद्यावरची खालची पट्टीच पुसून टाकली. ओढायला काही उरलं नाही. तरी वरची वाकली, माझ्या दिशेनं.

मी तणतणत दुसऱ्या कोपऱ्यात गेलो. पट्टी हळूच तिकडे वळली.

साहेब मशीन टाकून निघून गेले.

पडद्याला बोट लावून हिला शिवणं माझ्याकडून अजून झालेलं नाही.