पाचव्याची पाळी

ताई एकटीच राहायची. दर रविवारी दुपारी धाकटा भाऊ आणि त्याचे चार मित्र तिच्या जेवणाच्या टेबलावर फासे टाकून एका मायावी राज्याची मोहीम खेळायचे. मोहीम कुठवर आली याची नोंद राहावी म्हणून ताई मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करायची आणि सोमवारी शिवण शिवता शिवता ऐकायची.

त्या सोमवारी ती ऐकत होती, तेव्हा मोहिमेतला लाकडी पूल कोसळायच्या बेतात होता. खेळ चालवणारा भाऊ एकेकाला विचारत होता, "बोल, तू काय करतोस?" चौघांनी उत्तरं दिली.

मग तो अदबीनं म्हणाला, "आणि तुम्ही?"

बराच वेळ शांतता. मग सगळे खो खो हसले. एक मित्र म्हणाला, "वाचवलंत बुवा!"

ताईनं भावाला बोलावून ते ऐकवलं. "कुणाला अहोजाहो करत होतास?"

त्याचा चेहरा उतरला. "मी तर चौघांनाच खेळवतो ना, ताई. पण पूल कसा वाचला, ते मला आठवतच नाहीये."

रेकॉर्डिंग पुढे वाजतच होतं. खुर्च्या सरकल्या. भावाचा तोच अदबीचा आवाज आला, "चला, तुम्हाला वाटेत सोडतो."

त्यावर मोबाइलच्या अगदी जवळून ताईचाच हसरा आवाज आला, "अरे, त्यांना कुठे सोडतोस? ते इथेच राहतात ना, माझ्याकडे."