अतीकच्या नावचं रक्त

"तुमी आता निघा, ती विम्याची बाई येईल एवढ्यात," म्हणत शाइस्तानं नवऱ्याच्या हातातला कप काढून घेतला आणि अतीकला जवळजवळ ढकलतच घराबाहेर काढलं. पलंगावर त्याच्या जागी दीर बसला होता, आवेज. अंगात अतीकचा चौकड्यांचा शर्ट, आणि तोंडानं अतीकच्या जन्मतारखेची घोकंपट्टी चाललेली.

अतीक टॉवेल-चादरींच्या कारखान्यात सुपरवायझर होता. दिवाळी झाली आणि मालकानं अर्धं युनिट बंद केलं. प्रत्येकाच्या हातात एक नवी कोरी चादर ठेवली, चार गोड शब्द बोलला आणि माणसं घरी पाठवली. पगार गेला तो गेलाच, त्याच्याबरोबर कंपनीचा दवाखान्याचा विमाही गेला. मागच्या वर्षी सहा वर्षांच्या इफ्राला डेंग्यू झाला होता, तेव्हा बिल बघून शाइस्ताचे डोळे पांढरे झाले होते. त्या विम्यानंच पोर घरी आणली. आता तसं पुन्हा काही आलं तर विकायलाही काही नव्हतं, घरसुद्धा भाड्याचं.

बसवेश नावाच्या एजंटानं खटपट करून तिघांची मिळून एक स्वस्तातली पॉलिसी शोधली होती. घोडं अडलं ते अतीकच्या शुगरपाशी. बसवेश म्हणाला, शुगर लिहिली तर हप्ता दीडपट होणार, नाहीतर कंपनी सरळ नाहीच म्हणणार. आणि लपवली तरी उपयोग नाही, घरी येऊन उपाशीपोटी रक्त नेतात. एवढं सांगून तो गृहस्थ पंख्याकडे बघत बसला.

आवेजला बसवायची कल्पना शाइस्ताचीच. अतीक नको नको म्हणत होता, पण त्याचं ऐकतो कोण? आवेज टेंपो चालवायचा, तिशीतला गडी, आयुष्यात कधी डोकेदुखीची गोळी घेतली नव्हती. भावाभावांचा चेहराही एकाच साच्यातला, फरक एवढाच की अतीक गालांनी भरलेला आणि हा खप्पड. पण त्या सकाळी आवेजचं तोंड झोपेनं असं सुजलं होतं की शाइस्ताला हसू आलं. अगदी भाईसारखा दिसतोस, ती म्हणाली. वरनं त्याला बजावलं की चहाचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. तो म्हणाला, भाभी, हल्ली भूकच नसते मला, काळजी नको.

रक्त न्यायला आली ती वैजयंती नावाची बाई. चाळिशीची, कमी बोलणारी. तिनं आधार कार्ड मागितलं, फोटो पाहिला, आवेजकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. वैजयंतीनं जन्मतारीख विचारली, ती त्यानं बरोबर सांगितली. मग तिनं दंडाला पट्टा आवळला, रक्त काढलं आणि लघवीची बाटली हातात दिली. ती भरायला या पठ्ठ्यानं इतका वेळ लावला की शाइस्ता मनातल्या मनात त्याच्या नावानं बोटं मोडत बसली.

तेवढ्यात आतून इफ्रा डोळे चोळत आली आणि बाहेर येणाऱ्या आवेजला बिलगून म्हणाली, "चाचू, आज टेंपोतून सोडणार ना शाळेत?"

शाइस्ता घाईघाईनं म्हणाली, "आमच्या जाऊबाईंची पोरं ह्यांना चाचू म्हणतात की, तेच हिच्या तोंडी बसलंय." जाऊबाई तर कोणीच नव्हत्या. वैजयंतीनं बाटलीवर अतीकचं नाव लिहिलं, सामान बॅगेत भरलं आणि काहीच न बोलता गेली.

त्या न बोलण्यानंच शाइस्ताची झोप उडवली. अतीक म्हणाला, झालं ते झालं, सुटलो आपण.

तिसऱ्या दिवशी दुपारी वैजयंती परत आली. एकटीच, बॅग नाही, काही नाही. अतीक कामाच्या शोधात चिंचोळी एमआयडीसीत गेला होता, इफ्रा शाळेत. आवेज आतल्या खोलीत झोपला होता; टेंपो बाहेर काढलाच नव्हता त्यानं, आणि आळशी झालायस म्हणून शाइस्तानं सकाळीच त्याला चार शब्द सुनावले होते.

"त्या दिवशी बसलेले ते त्या पोरीचे अब्बा न्हवते," वैजयंती उंबऱ्यातूनच म्हणाली. "मला तवाच कळलं होतं."

आता ही काय मागणार, किती मागणार? कंपनीत कळलं तर पॉलिसी जाईल, वर पोलीस दारात येतील. शाइस्तानं कपाटातली ती कोरी चादर काढली आणि वैजयंतीच्या पुढ्यात धरली. नवऱ्याची नोकरी गेली, पोर लहान आहे, चूक माझी एकटीची आहे, असं काहीबाही ती बोलत राहिली आणि शेवटी तिला रडूच फुटलं.

वैजयंतीनं चादर बाजूला सारली.

"मी तक्रार करायला आले न्हाय, ताई. शुगर एकदम चांगली निघाली. पण आमच्या डॉक्टरांनी बाकीचं दोनदा तपासलं. ज्याचं रक्त होतं त्याला आदी बोलवा. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्यात, आज दवाखान्यात न्हाय नेलं तर उद्या तो उठायचा न्हाय."